डीएफडी की ईआर, बीपीएमएन की एसएसएम? एका वाचनालयावरून निवड

वाचनालय असो, पतसंस्था असो की शाळा, संगणकीकरण करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत फर्मान निघतं : आधी सिस्टिमचा आराखडा काढून आणा. कोणत्या पद्धतीचा, ते कुणी सांगत नाही. मग ज्याला कॉलेजात जी शिकवली ती पद्धत कागदावर उतरते, आणि सहा महिन्यांनी कळतं की अडचणीची गोष्ट त्या चित्रात मावतच नव्हती. म्हणून खाली शीर्षकातल्या चार आणि यूएमएल अशा पाच पद्धतींपैकी प्रत्येकीला काय सांगता येत नाही, यावर जास्त जागा खर्च केली आहे.

उदाहरण एकच घेऊ. बडोद्यात दांडिया बाजार-रावपुरा भागात एक मराठी वाचनालय आहे असं समजा. पंधरा हजार पुस्तकं, सातशे सभासद, एक ग्रंथपाल, दोन सहायक आणि महिन्यातून एकदा बसणारं कार्यकारी मंडळ. दाखल नोंदवही मराठीत, वर्गणीच्या बऱ्याच पावत्या गुजरातीत. प्रसंगही एकच : सभासदाला हवी ती कादंबरी बाहेर गेली आहे. तो मागणी नोंदवतो. प्रत परत आली की त्याच्यासाठी ३ दिवस बाजूला ठेवायची, तो आला नाही तर पुढच्याला द्यायची.

डीएफडी : मंडळापुढे ठेवायला सर्वांत सोपं

टॉम डीमार्को आणि गेन-सार्सन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस रूढ केलेली ही पद्धत, म्हणजे डेटा फ्लो डायग्राम, माहितीच्या प्रवाहाचं चित्र. खुणा चारच : बाहेरची व्यक्ती किंवा संस्था, प्रक्रिया, माहितीचा साठा आणि प्रवाहाचा बाण. पहिल्या पानावर सगळं वाचनालय एका गोलात आणि भोवती सभासद, पुस्तकविक्रेता, कार्यकारी मंडळ, चॅरिटी कमिशनरचं कार्यालय. हे पान समोर ठेवलं की दहा मिनिटांत कुणीतरी विचारतंच, ‘भेट आलेल्या पुस्तकांचं काय? देणगीदार कुठाय?’ एवढ्यासाठी तरी ते काढावं. पुढच्या पानावर तोच गोल पाच-सात प्रक्रियांत फोडायचा, आणि वरच्या पानावर आत-बाहेर जाणारे बाण खालच्या पानावर तितकेच उतरले आहेत ना, ते मोजायचं.

चुका ठरलेल्या असतात. गोलात माहिती जाते पण बाहेर काहीच येत नाही. किंवा उलट, काही आत न जाता अहवाल बाहेर पडतो. दोन साठ्यांना जोडणारा थेट बाण हाही चुकीचाच, कारण माहिती आपोआप हलत नाही, मध्ये प्रक्रिया लागते.

आपला प्रसंग मात्र इथे अडतो. ‘३ दिवस थांबा’ लिहायला डीएफडीत जागा नाही, ‘आला नाही तर’ लिहायलाही नाही. बरेच जण मग मध्येच निर्णयाचा शंकरपाळा घुसवतात. मग चित्र धड डीएफडी राहत नाही की धड फ्लोचार्ट होत नाही.

ईआर : नोंदी वीस वर्षं टिकवायच्या असतील तर

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये टेबलांवर आधारलेली माहिती-रचना मांडली. त्या टेबलांपर्यंत माणसाच्या भाषेतून कसं पोचायचं, याची वाट पीटर चेन यांच्या १९७६च्या ईआर (एंटिटी-रिलेशनशिप, म्हणजे घटक आणि त्यांचे संबंध) पद्धतीने दाखवली. या तुलनेत सर्वांत जास्त वेळ द्यावा तो हिलाच.

‘पुस्तक’ हा शब्दच फसवा आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी लपल्या आहेत : शीर्षक आणि प्रत. जुन्या ग्रंथपालांना हे पक्कं ठाऊक होतं. तालिकापत्र (सूचीचं कार्ड) शीर्षकाचं असायचं, दाखल क्रमांक प्रतीला मिळायचा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना आणून ग्रंथालयांचं खातं उभं केलं, ते याच शहरात. तेव्हा जुनी नोंदवही नीट वाचा, अर्धा ईआर तिच्या रकान्यांतच सापडेल.

आता प्रसंगाकडे. मागणी जोडायची शीर्षकाला आणि देवघेव जोडायची प्रतीला. घरगुती बनावटीच्या सिस्टिममध्ये दोन्ही प्रतीला जोडलेल्या असतात. परिणाम असा की त्याच कादंबरीची दुसरी प्रत परत येऊन कपाटात पडलेली असते आणि सभासद पहिलीची वाट पाहत बसतो.

दुसरी चूक किल्लीची, म्हणजे एक नोंद दुसरीपासून वेगळी ओळखणाऱ्या रकान्यांची. देवघेवीच्या टेबलात ‘सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक’ एवढीच किल्ली ठेवली, तर त्याच माणसाने तीच प्रत वर्षभराने पुन्हा नेली की सिस्टिम नोंद नाकारते. किंवा, त्याहून वाईट, जुनी नोंद पुसून टाकते. किल्लीत नेल्याची तारीख हवी. कुटुंब-सभासदत्व असेल तर कार्ड आणि माणूस हे दोन वेगळे घटक करा. अनामत कार्डाची असते, पुस्तक नेणारा माणूस असतो.

बडोद्यात आणखी एक पेच आहे, लिपीचा. अर्धी नावं देवनागरीत, अर्धी गुजराती लिपीत भरली की अकारविल्हे यादीची दोन शकलं होतात, कारण यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांत, देवनागरीचा पूर्ण गट गुजरातीच्या आधी येतो. एकच बाई दोनदा सभासद झालेल्या दिसतात, तेही यामुळेच. प्रत्येक लिपीतल्या नावाला वेगळा रकाना द्या आणि एक लिपी यादीसाठी मुख्य ठरवा. हे चित्रातच दाखवा. प्रोग्रॅमरच्या मर्जीवर सोडलं तर ते राहून जातं.

पण मागणी कुणी तपासायची, कधी, आणि नंतर काय करायचं, याबद्दल ईआर गप्प असतं. तयार सॉफ्टवेअर घेणार असाल तर ते काढण्यात वेळही घालवू नका. न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेल्या, विनामूल्य मिळणाऱ्या ‘कोहा’त शीर्षक आणि प्रतींची टेबलं आधीच वेगळी आहेत. तिथे रचना बदलण्याच्या भानगडीत पडायचं कारण नसतं. आपली नोंदवही त्यात बसते का, एवढंच पाहायचं उरतं.

बीपीएमएन : काम हातोहात फिरतं तिथे

बीपीएमएन (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन) म्हणजे कोण, कधी, काय करतं याचा ओघ दाखवायची खुणांची पद्धत. याची पहिली आवृत्ती २००४ची, २.० जानेवारी २०११ची, आणि २०१३ पासून ती आयएसओ १९५१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. वाचनालय म्हणजे एक पूल (पोहण्याच्या तलावासारखा चौकोन), त्यात ग्रंथपाल आणि सहायक यांच्या लेन, म्हणजे पट्ट्या. सभासदाचा पूल वेगळा. पुलाच्या आत कामाचा क्रम सलग रेषेने दाखवतात, एका पुलातून दुसऱ्यात फक्त निरोप जातो, तुटक रेषेने. सलग रेषा पुलाबाहेर नेली की चित्र चुकलं, टूलने चालवून घेतलं तरीही.

‘३ दिवस’ इथे अलगद बसतो, पण नवशिके तो चुकीच्या खुणेने बसवतात. प्रत बाजूला ठेवली की लगेच एक शंकरपाळा, त्यावर प्रश्न ‘सभासद आला का?’ प्रत ठेवल्याच्या क्षणी उत्तर नेहमी ‘नाही’ असंच येणार! इथे घटनेवर थांबणारा शंकरपाळा हवा. त्यातून दोन वाटा निघतात : एकीवर ‘सभासद आला’, दुसरीवर घड्याळाची खूण आणि ‘३ दिवस’. जी घटना आधी घडेल ती वाट चालू होते, दुसरी आपोआप बंद.

दुसरा सापळा वाटा एकत्र करताना असतो. फुलीच्या (×) शंकरपाळ्याने ‘हे किंवा ते’ असा फाटा फोडला आणि अधिकच्या (+) शंकरपाळ्याने जोडला, तर काम तिथे कायमचं अडकतं, कारण तो दोन्ही वाटांची वाट पाहतो आणि एकच येते. उलट केलं, म्हणजे अधिकने फोडून फुलीने जोडलं, तर पुढचं सगळं दोनदा होतं. दंडाच्या दोन पावत्या निघण्याचं कारण कित्येकदा इतकंच असतं.

खुणा शंभराच्या घरात आहेत. अशा संस्थेला १५ पुरतात, बाकीच्या शोभेच्या. वाचकाला संदर्भ शोधून देण्यासारखं ग्रंथपालाचं काम, ज्याला ठरावीक क्रमच नसतो, ते यात कोंबू नये.

यूएमएल

यूएमएल (युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज) ही सॉफ्टवेअरची रचना चित्रांत मांडण्याची भाषा. १९९७ मध्ये ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संघटनेने स्वीकारलेल्या यूएमएलच्या २.५ आवृत्तीत १४ प्रकारची चित्रं आहेत. सॉफ्टवेअर स्वतः लिहून घेणार असाल तरच याकडे वळा, आणि तेव्हाही दोन पुरे : क्लास (घटकांचे प्रकार) आणि स्टेट (अवस्था). स्टेटचं मात्र जरूर काढा. प्रतीच्या अवस्था लिहा : कपाटात, बाहेर, राखून ठेवलेली, बांधणीला, हरवलेली, निर्लेखित (नोंदीतून काढून टाकलेली). मग प्रत्येक जोडीमध्ये बाण असावा का, ते विचारा. ‘हरवलेली’कडून ‘कपाटात’कडे बाण काढला की मंडळाला ठरवावंच लागतं : पुस्तक सापडलं तर भरून घेतलेली किंमत परत करायची का?

एसएसएम : आधी भांडण मिटवायचं असेल तर

मंडळातल्या एका गटाला हे मराठी ग्रंथांचं जतन करणारं वाचनालय वाटतं, दुसऱ्याला स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका. अशा वेळी वरची कोणतीही पद्धत घेतली तरी मूळ भांडण झाकलंच जातं. पीटर चेकलंड यांनी लँकेस्टर विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून घडवलेली सॉफ्ट सिस्टिम्स पद्धत (एसएसएम) अशाच प्रसंगांसाठी आहे. दोन्ही गटांकडून एकेक वाक्य लिहून घ्या : अमुक काम, तमुक मार्गाने, या हेतूसाठी. त्यात लाभार्थी कोण, करणारे कोण, काय बदलतं, कोणत्या दृष्टीने ते योग्य वाटतं, बंद पाडण्याचा अधिकार कुणाकडे आणि बाहेरच्या मर्यादा काय, ही सहा उत्तरं सापडली पाहिजेत.

सर्वांत जास्त घोळ ‘काय बदलतं’ इथे होतो. लोक ‘पुस्तकं आणि पैसा’ आत टाकतात आणि ‘सेवा’ बाहेर काढतात. पुस्तकं ही साधनं झाली. बदल हवा तो एकाच गोष्टीच्या दोन अवस्थांमध्ये : ‘जागेअभावी अभ्यास न होणारा विद्यार्थी’ ते ‘अभ्यास होणारा विद्यार्थी’. दोन वाक्यांवरून दोन वेगळी मॉडेलं निघतात, प्रत्येकात सातच्या आसपास क्रिया. ती प्रत्यक्ष कामाशेजारी ठेवून बोलायचं. टेबलं किंवा स्क्रीन यातून काहीच मिळत नाही, आणि मंडळ बसायला तयार नसेल तर पद्धत सुरूच होत नाही.

शोधनिबंधासाठी

संशोधकाची गोष्ट थोडी निराळी, कारण ‘मॉडेल’ या शब्दाखाली दोन वेगळे धंदे चालतात. फ्रेड डेव्हिस यांचं १९८९चं टॅम (टेक्नॉलॉजी अ‍ॅक्सेप्टन्स मॉडेल), किंवा डीलोन-मॅक्लीन यांचं १९९२चं आणि २००३ मध्ये सुधारलेलं यशाचं मॉडेल, ही लोक प्रणाली का वापरतात, ती यशस्वी कधी म्हणायची, याबद्दलची गृहीतकं आहेत. ती प्रश्नावलीने तपासायची. ईआर किंवा बीपीएमएन ही रचना आहे. ती बांधून, वापरून पाहायची. दुसऱ्या वाटेने जाणार असाल तर हेवनर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली डिझाइन सायन्सची, म्हणजे वस्तू बांधून संशोधन करण्याची, ७ मार्गदर्शक सूत्रं हाताशी ठेवा, आणि मूल्यमापनाचं प्रकरण सुरुवातीलाच आखा.

प्रबंधात या दोन्हींची चित्रं एकाच आकृतीत मिसळली की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बाणाचाच येतो. टॅममधला बाण म्हणतो ‘याचा त्यावर परिणाम होतो’, डीएफडीतला म्हणतो ‘माहिती इकडून तिकडे जाते’, बीपीएमएनमधला ‘यानंतर हे’, आणि यूएमएल क्लासमधला पोकळ टोकाचा म्हणतो ‘हा त्याचाच एक प्रकार’. प्रत्येक आकृतीखाली बाणाचा अर्थ एका ओळीत छापा. आणि नवी चित्रपद्धतच सुचवणार असाल, तर वाँड आणि वेबर या संशोधकांच्या कसोट्या लावून पाहा : वास्तवातल्या एखाद्या गोष्टीला खूणच नाही, एका खुणेचे दोन अर्थ, एका गोष्टीला दोन खुणा, किंवा ज्या खुणेमागे काहीच नाही अशी खूण.

कोणतीही पद्धत घेतली तरी पक्कं करण्याआधी मागच्या वर्षीच्या २० पावत्या आणि नोंदी काढा आणि चित्रावरून एकेक चालवा. साध्या १७ बिनबोभाट जातील. अडतील त्या अशा : तीन खंडांच्या संचातला दुसरा खंड सभासदाने हरवला आणि बदल्यात दुसऱ्या प्रकाशनाचा दुसरा खंड आणून दिला. त्याला नवा दाखल क्रमांक द्यायचा की जुनाच? संच एक शीर्षक की तीन? मागणी संचाची घ्यायची की खंडाची? सहायकाने तेव्हा जे केलं ते नोंदवहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं असतं, तेवढं आधी वाचा.