नवजात बाळाचा मेंदूचा एमआरआय: टेक्निशियनला पाच स्टार, रिपोर्टला दोन

रिव्ह्यू सांगली-मिरज भागातल्या एका स्कॅन सेंटरचा आहे. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण जे खटकलं ते काय त्या एकट्याचं नाही, दिवसभर मोठ्या माणसांचे मणके आणि गुडघे स्कॅन करणाऱ्या बऱ्याच ठिकाणी हेच होत असणार. पाच-सहा दिवसांच्या बाळाला घेऊन ज्यांना जावं लागतंय त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

केस थोडक्यात सांगतो. माझ्या ताईचं बाळ, पूर्ण दिवसांचं, पण जन्मल्यावर रडलं नाही, पाच मिनिटांनंतरचा अपगार (जन्मल्यावर बाळ कसं आहे त्याचे गुण) दहापैकी ४, आणि त्याच रात्री झटके आले. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या, डॉक्टर मॅडम म्हणाल्या एचआयई, स्टेज टू. म्हणजे बाळंतपणाच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन आणि रक्त कमी पडून झालेली इजा, मध्यम प्रकारची. यात अंग थंड ठेवायची एक ट्रीटमेंट असते, बाळाला ७२ तास ३३.५ डिग्री सेल्सियसवर ठेवतात, पण ती जन्मापासून ६ तासांच्या आत सुरू करायला लागते आणि तालुक्यावरून आमची अँब्युलन्स पोचेपर्यंत ती वेळ गेली होती. दाजी त्यावरून फारच कासावीस झाले. तेव्हा मॅडमनीच सांगितलं की आपल्याकडे त्यावर अजून एकमत नाहीये, २०२१ ला हेलिक्स नावाची मोठी ट्रायल छापून आली, भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली ४०८ बाळं होती, त्यात थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यू उलट जास्त निघाले, ४२ टक्के, आणि न ठेवलेल्यांत ३१. युरोप-अमेरिकेत मात्र ही ट्रीटमेंट ठरलेलीच आहे. असो, तो वेगळा विषय.

आता एमआरआय कशाला, तर घरच्यांचा एकच प्रश्न असतो, बाळ पुढं चालेल का, बोलेल का. टाळूवरून सोनोग्राफी झाली होती, ती नॉर्मल होती, पण मॅडम म्हणाल्या सुरुवातीला सोनोग्राफीत बरंच काही सुटतं, तिच्यावर जाऊ नका. सीटीत रेडिएशन, एमआरआयमध्ये ते नाही.

पहिली खटपट अपॉइंटमेंटची. काउंटरवरची मुलगी फोनवर म्हणे पुढच्या आठवड्यात या, स्लॉट नाही. वरून म्हणे येताना झोपेचं सिरप पाजून आणा. इथं मॅडमनी स्वतः फोन केला म्हणून जमलं, नाहीतर आम्ही मुकाट हो म्हणून गेलो असतो. यात दिवसाला फार महत्त्व आहे हे लक्षात ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत स्कॅन केला तर इजा असते त्यापेक्षा कमी दिसू शकते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास डिफ्यूजन नावाच्या सीक्वेन्सवर (एका स्कॅनमध्ये वेगवेगळ्या प्रकारचे फोटो घेतात, त्यातल्या एकेका प्रकाराला सीक्वेन्स म्हणतात) ती सगळ्यात स्पष्ट उठून दिसते, आणि साधारण आठवड्यानंतर तेच डिफ्यूजन नॉर्मलसारखं दिसायला लागतं, इजा तिथंच असते पण मग ती बाकीच्या फोटोंवरून शोधायला लागते. ज्यांचं बाळ थंड ठेवलं होतं त्यांच्यात हे सगळं थोडं उशिरा होतं. तर 'पुढच्या आठवड्यात या' हे गुडघ्यासाठी ठीक आहे हो, इथं नाही चालत. आम्हाला पाचव्या दिवशी दुपारचा स्लॉट मिळाला.

आता कौतुक. टेक्निशियन दादा एक नंबर माणूस. सिरप-बिरप काही नको म्हणाला, बाळाला आत्ता पोटभर दूध पाजा आणि माझ्याकडं द्या. एनआयसीयूच्या सिस्टर सोबत होत्याच, त्यांनी आईचं काढून आणलेलं दूध पाजलं, ढेकर काढली, मग दोघांनी मिळून गरम दुपट्यात असं घट्ट गुंडाळलं की फक्त नाक आणि कपाळ दिसत होतं. त्याआधी धातूची तपासणी. झबल्याला टिचबटणं होती, ते झबलं काढलं. कमरेच्या काळ्या दोऱ्यात चांदीचा मणी ओवला होता, आमच्या आईनं एनआयसीयूत जाऊन कधी बांधला देवालाच ठाऊक, तो दोरा दादानं विचारून कापला आणि मणी कागदाच्या पुडीत घालून आईच्या हातात दिला. आई काय बोलायच्या आत म्हणाला, "आजी, नजर मी आत लागू देत नाही, तुम्ही काळजी करू नका." छातीवरचे ईसीजीचे स्टिकर काढले, पायाला मशीनमध्ये चालणारा ऑक्सिजनचा प्रोब लावला, कानात बोळे आणि वरून छोटे इअरमफ, कारण ते मशीन भयंकर ठोकतं, बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून आमचे कान किटले. नेहमीचं लोखंडी सिलेंडर त्या खोलीत नेता येत नाही, तेपण त्यानं आधीच सिस्टरना विचारून घेतलं होतं. अर्ध्या-पाऊण तासात स्कॅन झाला, मधे एकदा बाळ हललं तर तेवढाच सीक्वेन्स परत घेतला, कुरकुर नाही काही नाही. बाळ शेवटपर्यंत झोपेत. या भागाला पाच स्टार, सहा असते तर सहा दिले असते.

मग रिपोर्ट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, दीड पान, शेवटी लिहिलंय 'एचआयईशी सुसंगत बदल, क्लिनिकल माहितीशी ताडून पाहा'. अहो एचआयई आहे हे आम्ही फॉर्मवर लिहूनच दिलं होतं की! इजा कुठल्या भागात, किती, आणि मुख्य म्हणजे कुठं नाही, यातलं काही धड नाही. काउंटरवर विचारलं रेडिओलॉजिस्टशी बोलता येईल का, तर सर रिपोर्ट घरून करतात. मॅडमना पण तो रिपोर्ट पटला नाही, त्यांनी सीडी पुण्याच्या एका लहान मुलांच्या न्यूरोलॉजिस्टकडे पाठवायला लावली.

त्या डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवून वीस मिनिटं समजावलं आणि तेव्हा कुठं कळलं की या स्कॅनमध्ये बघायचं काय असतं. मेंदूच्या मधोमध, खोलवर थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया असतात, त्यांच्या मधून हातापायांना हलवणाऱ्या नसांचा एक पट्टा जातो, पीएलआयसी म्हणतात त्याला. पूर्ण दिवसांच्या बाळात टी-वन नावाच्या सीक्वेन्सच्या फोटोवर तो पट्टा पांढरा दिसायला पाहिजे. तो पांढरेपणा गेला असेल तर पुढं सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हालचालीत कायमचा दोष राहण्याची, भीती जास्त. हे लंडनच्या मेरी रदरफर्ड आणि त्यांच्या टीमनं १९९८ मध्येच दाखवून दिलंय आणि अजूनही सगळे आधी तिथंच बघतात. खोलवरच्या या भागाला मोठी इजा असली तर हालचाल, गिळणं, दूध ओढणं सगळ्यावरच परिणाम होऊ शकतो. दुसरा प्रकार म्हणजे दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या हद्दीवरचा जो भाग असतो तिथं इजा, वॉटरशेड म्हणतात. पाटाच्या पाण्यासारखं आहे ते, दाब कमी झाला की टेलच्या शेतकऱ्याला पाणी आधी बंद. ही मुलं बहुतेक वेळा चालतात, पण भाषा, समज, नजर, कधी फिट्स, हे त्रास उशिरा दिसू शकतात.

आमच्या बाळाचा पट्टा दोन्ही बाजूंना व्यवस्थित पांढरा, थॅलॅमस ठीक, डाव्या बाजूला वॉटरशेडमध्ये थोडी इजा. म्हणजे चालण्याबद्दल बऱ्यापैकी आशा, बोलण्या-शिकण्याबद्दल आत्ता सांगता येत नाही, शाळेच्या वयापर्यंत लक्ष ठेवायचं. इतकं सरळ. आणि यातलं एक वाक्य त्या दीड पानात नव्हतं, पट्ट्याचा तर उल्लेखच नाही. दाजी कॉलनंतर म्हणाले, "रिपोर्टपेक्षा ह्या वीस मिनिटांचे पैसे घ्यायला पाहिजे होते." पुण्याच्या डॉक्टरांनी फी घेतलीच होती म्हणा, पण मुद्दा बरोबर आहे.

आणखी एक तक्रार, स्पेक्ट्रोस्कोपी केली नाही. त्याच मशीनवर, थोडा वेळ जास्त घेऊन, थॅलॅमसमध्ये एनएए आणि लॅक्टेट किती आहे हे मोजता येतं. एनएए हे जिवंत न्यूरॉनमधलं, म्हणजे मेंदूच्या पेशींमधलं रसायन, न्यूरॉन गेले की ते कमी होतं, आणि इजेत लॅक्टेट वाढतं. २०१९ ला मार्बल नावाचा अभ्यास आला होता, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ८ सेंटरची २२३ बाळं, सगळी थंड ठेवलेली. त्यात दोन वर्षांच्या वयाला बाळ कसं असेल हे सांगण्यात थॅलॅमसमधलं एनएए सगळ्यात पुढं निघालं, पुढं त्रास होणारं एकही बाळ सुटलं नाही आणि ठीक राहणाऱ्यांपैकी ९७ टक्के बरोबर ओळखली. अर्थात एनएएचं नेमकं प्रमाण मोजून मिळालेली बाळं त्यातली थोडीच होती, आणि ती मोठी तयारीची सेंटर, आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी लगेच तोच आकडा धरून बसू नये. पण मशीन आहे, मोठ्यांच्या गाठींसाठी तीच तपासणी तिथं रोज होते, मग बाळाचं "आम्ही करत नाही" का? उत्तर मिळालं नाही. तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठीवर स्पेक्ट्रोस्कोपी वेगळी लिहायला सांगा आणि बुकिंग करतानाच विचारून घ्या.

स्कॅन भविष्य सांगतो असं समजून कोणी जाऊ नका. दोन्ही टोकांना तो पक्का आहे, एकदम नॉर्मल असेल तर बहुतेक चांगलंच, खोलवर मोठी इजा असेल तर बहुतेक अवघड. मधली जी बाळं असतात, आमच्यासारखी, तिथं तो फक्त कशावर लक्ष ठेवायचं ते दाखवतो. त्याच्याबरोबर ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी), डॉक्टरांची तपासणी आणि तीन महिन्यांच्या आसपास बाळाच्या हालचालींचा व्हिडिओ, हे सगळं जोडून बघितलं तर अंदाज जास्त बरोबर येतो. व्हिडिओ म्हणजे काही नाही, बाळ जागं आणि खुशीत असताना उताणं ठेवायचं, खुळखुळा नाही, गप्पा नाही, वरून तीन-चार मिनिटं मोबाईल धरायचा. आमच्या व्हिडिओत मनगटं, घोटे, मान अशा बारीक बारीक हालचाली सगळीकडून चालू आहेत, फिजेटी म्हणतात त्यांना, त्या बघून पुण्याचे डॉक्टर खूश झाले.

पैसे कमी असतील तर सिव्हिलच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विभागात) विचारा, तिथून आरबीएसके या मुलांच्या आरोग्याच्या सरकारी योजनेखाली जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव लागतं. थेरपीसाठी आम्ही तिथंच जातो. रांग असते, पण फिजिओच्या ताई चांगल्या आहेत.

सेंटरला एकूण साडेतीन स्टार. स्कॅनिंग पाच, अपॉइंटमेंट दोन, रिपोर्ट दोन, पार्किंग शून्य. साडेआठ हजार घेतले, बिल दिलं. फिल्म घेऊन निघू नका, सीडी मागाच, आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा सगळे सीक्वेन्स आलेत का. आमच्या पहिल्या सीडीत डिफ्यूजनच नव्हतं, परत जाऊन नवी सीडी करून घ्यायला लागली.