फियाटचा डिस्ट्रिब्युटर: नवा टाकावा, जुन्याला बुश मारावा, की पॉइंटच काढून टाकावेत?

आरसी बुकात प्रीमियर पद्मिनी असली तरी बोलताना ती फियाटच. आणि जिच्याकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालंय अशा बहुतेक फियाटचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग, कधी ना कधी डुगडुगायला लागतो. मग मिस्त्री म्हणतो, नवा टाका. लेथवाला म्हणतो, बुश मारून देतो, म्हणजे आतला शाफ्ट ज्या बारीक नळकांड्यात फिरतो ते बदलून देतो. आणि ओळखीतला कुणीतरी हमखास म्हणतो, ते पॉइंट-कंडेन्सर फेकून दे आणि इलेक्ट्रॉनिक बसव. (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारी पाती, कंडेन्सर त्यांचा जोडीदार.) मी थोड्याफार फरकाने या तिन्ही वाटांनी गेलोय, म्हणून लिहितोय. तुमची गाडी, तुमचा रस्ता आणि तुमचा मिस्त्री वेगळा असेल, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशोबाने घ्या.

आधी नेमकं काय गेलंय ते बघा. वरची कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर काढून शाफ्ट चिमटीत धरा आणि आडवा हलवा. टकटक हाताला लागली तर बुश संपलाय. मग इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ सरकवणाऱ्या व्हॅक्यूम युनिटची नळी कार्बोरेटरकडून सोडवून तोंडात धरा आणि हवा ओढा. आतली प्लेट सरकली आणि जीभ नळीला चिकटून राहिली तर युनिटमधला पडदा, म्हणजे डायफ्राम, शाबूत. जीभ लगेच सुटली तर तो फाटलाय, आणि तसा जुना डिस्ट्रिब्युटर दुरुस्त करण्याआधी दुसरा व्हॅक्यूम युनिट हातात असलेला बरा. प्लेट आणि बॉडी यांच्यामधली ती बारीक विणलेली अर्थची वायरही बोटाने ओढून बघा. वरून धडधाकट दिसते आणि आतून तुटलेली असते. प्लेट हलली की मिसफायर, थांबली की गाडी ठीक, असा खेळ चालतो आणि दोष बिचाऱ्या कार्बोरेटरवर जातो.

आता नव्याबद्दल. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. फियाटच्या स्पेअरचा बाजार मुख्यतः टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालायचा, आपल्यासारख्या हौशींच्या नव्हे. त्यामुळे आज नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारलंत, तर एखाद्या दुकानाच्या माळ्यावरून लुकास टीव्हीएस कंपनीचा जुना माल निघू शकतो. निघाला तर घासाघीस न करता घ्या. पण बहुतेक वेळा हातात येतो तो बिननावाच्या खोक्यातला. दिसायला चकचकीत, शाफ्टला प्ले शून्य, आणि बसतोही बरोबर.

माझं त्याच्याशी जमलं नाही ते घाटात. सपाट रस्त्यावर गाडी छान पळायची, पण खंबाटकी चढताना तिसऱ्यात पाय दाबला की इंजिन टणटण नॉकिंग करायचं, ठिणगी लवकर पडल्यावर आतून ठोके येतात तसं. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, थोडं मागे घेतलं की घाट शांत, पण मग पिकअप मेला. डिस्ट्रिब्युटरमध्ये खाली शाफ्टबरोबर फिरणाऱ्या वजनांना ज्या दोन स्प्रिंगा असतात, त्याच इंजिनचा वेग वाढेल तसं टायमिंग किती पुढे सरकायचं ते ठरवतात. माझा अंदाज असा की हा माल पाच-सहा गाड्यांना चालावा म्हणून सरसकट काहीतरी टाकलेलं असतं. तुम्ही शहरातच फिरणार असाल तर कदाचित तुम्हाला हे जाणवणारही नाही.

जुन्याला बुश मारणं हे काम स्वस्त आहे आणि माझ्या मते सगळ्यात कमी लेखलं गेलेलं. चांगला लेथवाला जुना बुश ठोकून काढतो, गनमेटलचा नवा बसवतो आणि आत रीमर फिरवून शाफ्टला हवा तेवढाच मोकळेपणा ठेवतो. अट एकच. शाफ्ट स्वतः झिजलेला नको. नख आडवं फिरवा, पायरी लागली तर नुसत्या बुशने भागणार नाही, दुसरा शाफ्ट शोधावा लागेल. सगळं सुटलेलंच असतं तेव्हा वजनांखालचं वाळून घट्ट झालेलं ग्रीसही रॉकेलने धुऊन घ्या. मूळ स्प्रिंगा मात्र जपून परत लावा. या गाडीच्या इंजिनसाठी निवडलेल्या स्प्रिंगा त्याच, आणि त्याच तर खोक्यातल्या नव्यात मिळत नाहीत.

इथपर्यंत हिशोब सोपा होता. बुश मारलेला जुना डिस्ट्रिब्युटर, नवे पॉइंट, नवा कंडेन्सर आणि गाडी एकदम सुरेल. मी तिथेच थांबलो असतो. थांबू दिलं नाही ते पॉइंटच्या टाचेने.

पॉइंटच्या हलत्या पात्याला फायबरची एक छोटी टाच असते. ती कॅमवर घासत राहते आणि कॅमचा उंचवटा आला की पातं उघडतं. चार सिलिंडरच्या इंजिनला एका फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात, म्हणजे ३,००० आरपीएमला मिनिटाला ६,०००, सेकंदाला शंभर. तेवढ्या वेळा ती टाच कॅमचा मार खाते. पूर्वीच्या पॉइंटांची टाच हे निमूट सोसायची. हल्ली जे मिळतात त्यांची टाच खडूसारखी झिजते. टाच झिजली की दोन पात्यांमधली फट, म्हणजे गॅप, मिटतो, गॅप मिटला की पातं उशिरा उघडतं आणि टायमिंग आपोआप मागे जातं. गाडी बंद पडत नाही, हाच त्रास आहे. ती नुसती थोडी सुस्त होते, थोडी जास्त तापते, आणि आपण पेट्रोलला शिव्या घालत बसतो.

मग पुन्हा तोच सोहळा. गाडी टॉपला टाकून इंच-इंच ढकलायची, टाच कॅमच्या बरोबर शिखरावर आली की थांबायचं, फिलर गेजची पट्टी सरकवायची. माझ्या डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी, मिस्त्रींच्या भाषेत चौदा-सोळा, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग. पट्टी हलकी ओढ देत सरकली, छान वाटलं, म्हणून स्क्रू आवळला, की आवळतानाच प्लेट केसभर फिरते आणि गॅप पुन्हा चुकतो. सैल करा, परत लावा. पट्टीला तेलाचा थेंब लागलेला असेल तर तो पॉइंटवर जातो आणि काळा पडून करंटच अडवतो. हे वर्षातून एकदा करायला मला आनंदच आहे. दर थोड्या आठवड्यांनी, तेही बाजारातला माल धड नाही म्हणून, करायला मात्र नाही. कंडेन्सरचीही तीच रड. थंडीत ठीक, ट्रॅफिकमध्ये तापला की आचके. पण तो निदान पूर्णपणे मरतो तरी, म्हणजे कळतं.

म्हणून शेवटी त्याच बुश मारलेल्या बॉडीत पॉइंटच्या जागी सेन्सरवालं मॉड्यूल बसवलं. रोटरखाली चुंबकांची कडी आणि शेजारी हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक समोर आला की ओळखणारा. घासणारं काहीच नाही, त्यामुळे एकदा लावलेलं टायमिंग जागेवर राहतं. ताकद वाढली, ॲव्हरेज वाढलं वगैरे मी म्हणणार नाही, मला तरी तसं काही जाणवलं नाही. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये उठते आणि घाटात नॉकिंग नाही, एवढं नक्की. मूळ स्प्रिंगा तशाच असल्यामुळे गाडीचा स्वभाव बदलत नाही आणि कॅप लावली की बाहेरून काही कळतही नाही. बुश न मारता नुसतं मॉड्यूल टाकून भागवणारे आहेत. सेन्सर थोडा प्ले खपवून घेतो हे खरं, पण डुगडुगणाऱ्या शाफ्टवर ठिणगी पुढे-मागे होतच राहते.

परदेशातून अख्खा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर मागवणारेही आहेत. हॉलंडच्या १२३ इग्निशनमध्ये टायमिंगचे १६ आलेख आतच असतात आणि हवा तो निवडता येतो. वस्तू देखणी आहे. पण ड्युटी धरून जो आकडा होतो त्यात माझ्या गाडीचं बरंच काही होईल, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

पॉइंटवरच राहावं असेही लोक आहेत. गाडी पन्नास वर्षांपलीकडची असेल आणि व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर मूळ रूपाला हात न लावलेला बरा. किंवा एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे जुन्या मालाचे पॉइंट शिल्लक असतील तर माझी तक्रारच उरत नाही. मॉड्यूलचा एक दोषही मान्य करायला हवा. पॉइंट रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपर मारून घरापर्यंत आणतात, मॉड्यूल गेलं की गेलं. म्हणून माझ्या डिकीत जुनी प्लेट पॉइंट-कंडेन्सरसकट तयार असते. ती बसवायला थोडी सावली आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरतो, फक्त टायमिंग पुन्हा लावावं लागतं.

घेताना बॉडीवर कोरलेला मॉडेल नंबर सोबत न्या, नुसतं फियाटचं द्या म्हणू नका. कॉइलचा ओहम मोजून घ्या. मॉड्यूलला जेवढा लागतो त्यापेक्षा कमी रोधाची कॉइल असली तर ते भाजतं. इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून रेडिओ ऐकत बसू नका, त्यानेही तेच होतं. आणि गाडी अजून अल्टरनेटरऐवजी जुन्या डायनामोवर असेल तर आधी कटआउट (चार्जिंग सांभाळणारी डबी) तपासून घ्या, व्होल्टेज वर-खाली होत असेल तोवर मॉड्यूलचं खोकं उघडूच नका.