छोट्या शिडाच्या नौकेवर एआयएस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये पावसाळा सरून नौका पुन्हा पाण्यात उतरवली, तेव्हा माझ्या २६ फुटी शिडाच्या नौकेवर मी एआयएस ट्रान्सपाँडर बसवून घेतला. नौकेचे नाव, स्थान, दिशा आणि वेग रेडिओवरून आसपासच्या जहाजांना आपोआप कळवणारे आणि त्यांचीही माहिती घेणारे हे यंत्र. आता मे संपत आला असून नौका बाहेर काढायची वेळ झाली आहे. अपोलो बंदर ते मांडवा हा नेहमीचा फेरा आणि चार वेळा खांदेरीच्या पुढपर्यंतचा प्रवास, एवढा त्याचा वापर झाला. माझ्याएवढ्या नौकेला हे यंत्र बसवण्याची सक्ती नाही. तरीही न्हावा-शेव्याला जाणारी कंटेनर जहाजे, जवाहर द्वीपाकडे वळणारी तेलवाहू जहाजे, मांडव्याच्या लाँच आणि रो-रो या सगळ्यांच्या वाटा ओलांडत पाच नॉटने (ताशी पाच सागरी मैल) जाणाऱ्या माणसाला आपण इतरांना दिसावे असे वाटणे साहजिक आहे.

पहिला प्रश्न होता तो फक्त माहिती घेणारा रिसीव्हर पुरेल की आपली माहिती पाठवणारे यंत्रही हवे. रिसीव्हर स्वस्त असतो आणि त्यावर मोठ्या जहाजांची नावे, दिशा, वेग सारे दिसते; पण तेवढ्याने जहाजाच्या नियंत्रण कक्षात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला आपण दिसत नाही. म्हणून ट्रान्सपाँडरच घ्यायचे ठरवले. त्यातही क्लास बीचे, म्हणजे छोट्या नौकांसाठीच्या वर्गाचे, दोन प्रकार मिळतात. एक २ वॅटचा, जो रेडिओ वाहिनीवर रिकामी जागा (संदेशापुरता क्षणभराचा वेळ) सापडली तरच संदेश पाठवतो, आणि दुसरा ५ वॅटचा, जो मोठ्या जहाजांप्रमाणे आपली जागा आधीच राखून ठेवतो. एका वाहिनीवर मिनिटाला २२५० जागा असतात. गजबजलेल्या बंदरात ताटकळत राहावे लागू नये म्हणून मी ५ वॅटचा घेतला. दोन ते १४ नॉट वेगात दोन्ही प्रकार दर ३० सेकंदांनीच स्थान कळवतात, त्यामुळे संथ नौकेला त्या बाबतीत फरक पडत नाही.

हे ३० सेकंद लक्षात ठेवावेत. तेवढ्यात माझी नौका ७५ मीटरच्या आसपास सरकते आणि मधल्या काळात मी वळलो तर समोरच्याला ते लगेच कळत नाही. मोठी जहाजे चालू असताना २ ते १० सेकंदांनी माहिती पाठवतात, त्यामुळे त्यांचे चित्र माझ्या पडद्यावर बरेच ताजे असते.

यंत्राची निवड मी महिनाभर केली आणि अँटेना व केबलचा विचार एका दुपारात उरकला. ही माझी चूक होती, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे. डोलकाठीच्या टोकावर बोलण्याच्या व्हीएचएफ रेडिओची अँटेना होतीच, म्हणून यंत्र बसवून देणाऱ्या कारागिराच्या सल्ल्याने स्प्लिटर लावून तीच दोघांत वाटून घेतली. पडद्यावर दूरदूरची जहाजे दिसू लागली आणि काम झाले असे मी समजलो. तीन आठवड्यांनी मांडव्याला नांगरलेल्या मित्राने विचारले की यंत्र बंद ठेवले आहे का, कारण मैलभर जवळ येईपर्यंत त्याला माझी नौका दिसलीच नव्हती. मोठ्या जहाजांचा १२.५ वॅटचा, उंचावरून येणारा संदेश कमकुवत केबलमधूनही पोहोचतो, पण आपला छोटा संदेश बाहेर पडत नाही. म्हणून घेणे नीट चालले म्हणजे पाठवणेही नीट चालले असे मुळीच समजू नये.

नौकेची देखभाल करणारे तात्या म्हणाले, "दादा, केबल कापून बघा, आत काय आहे ते." डोलकाठीच्या पायथ्याशी हातभर तुकडा कापला. तांब्याची जाळी कोळशासारखी काळी पडलेली होती आणि जोडाच्या तोंडाशी हिरवी पूड साचली होती. जोडावर नुसती काळी टेप गुंडाळलेली होती. खाऱ्या हवेने एका पावसाळ्यात तिच्या आत वाट काढली होती. अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत फिरते ते सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर तीनच्या वर गेला; तो एकच्या जवळ असावा लागतो. तशी ती १५ मीटर बारीक आरजी-५८ केबल नवी असती तरी तिने निम्मी शक्ती खाल्लीच असती.

त्यानंतर स्प्लिटर काढून टाकला. एआयएससाठी मागच्या कठड्यावर वेगळा खांब उभारून पाण्यापासून सुमारे तीन मीटर उंचीवर स्वतंत्र अँटेना बसवली आणि तिला जाड आरजी-२१३ची पाच मीटर केबल दिली. प्रत्येक जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ओढून घट्ट गुंडाळली आणि वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवली. आता मीटर १.३ दाखवतो, आणि त्याच मित्राला मी सात मैलांवरून दिसतो. उंची कमी झाल्याने क्षितिज जवळ आले हे खरे, पण डोलकाठीवरील अँटेना बोलण्यासाठी मोकळी राहिली. शिवाय एक बिघडली तरी दुसरी उरते.

नोंदणीचा एक मुद्दा आहे. नौकेची रेडिओवरची ओळख असलेला नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, जो आपल्याकडे ४१९ ने सुरू होतो, बहुतेक यंत्रांत वापरणाऱ्याला एकदाच भरता येतो. चुकला तर यंत्र विक्रेत्याकडे परत न्यावे लागते, म्हणून दोघांनी मिळून अंक मोठ्याने वाचून मगच बटण दाबावे. माझ्या यंत्रात लांबीच्या रकान्यात २६ भरले गेले होते आणि तो रकाना मीटरचा आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. दोन महिने मी इतरांच्या पडद्यावर २६ मीटरची नौका म्हणून वावरत होतो. ते मात्र घरी बसून दुरुस्त करता आले.

विजेचा खर्च मी मोजला, तो सरासरी पाव अँपिअर आहे. छतावरच्या लहान सौर पॅनलला तो सहज पेलतो. पडदा म्हणून लॅपटॉपवर ओपनसीपीएन हा सागरी नकाशांचा प्रोग्राम वापरतो. त्यातील धोक्याची घंटा सुरुवातीला बंदरात अखंड वाजत असे, कारण दहा मिनिटांत कोणी अर्ध्या मैलाच्या आत येणार असेल तर वाजायचे, ही मर्यादा तेथे फार मोठी पडते. आता बंदरात पाव मैलाहून कमी ठेवली आहे आणि नांगरलेल्या जहाजांना वगळले आहे, त्यामुळे घंटा वाजली की मान वर होतेच.

जानेवारीतल्या एका धुरकट सकाळी याचा खरा उपयोग झाला. मुख्य मार्गाच्या कडेला असताना न्हावा-शेव्याहून बाहेर निघालेले कंटेनर जहाज पडद्यावर दिसले, डोळ्यांना अजिबात नाही. आपण त्याची वाट अडवायची नसते, म्हणून मी वळून उलट्या दिशेला लागलो आणि रेडिओच्या वाहिनी १६ वर त्याला नावाने हाक मारली. उत्तर देणाऱ्याने माझ्या नौकेचे नाव स्वतःहून उच्चारले. पूर्वी "माझ्या उजवीकडचे मोठे जहाज" अशी हाक मारावी लागे आणि त्याला कोणीच उत्तर देत नसे.

परंतु हे यंत्र पाहूनच कोणी चालू लागेल, तर तो फसेल. काही जहाजांवर क्लास बीच्या नौका पडद्यावरून गाळून टाकलेल्या असतात. मासेमारीच्या बहुसंख्य छोट्या होड्या आणि डोल जाळ्यांचे खांब पडद्यावर येतच नाहीत. काही मासेमारी नौकांवर इस्रोच्या यंत्रणेचे ट्रान्सपाँडर आहेत, पण त्यांची माहिती उपग्रहामार्फत किनाऱ्याला जाते, शेजारच्या नौकेला नाही. थळच्या खडकाजवळ एप्रिलमध्ये मी जाळ्याच्या दोरापासून दहा हातांवर वाचलो, आणि तो दिसला तो नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाला, बसलेल्या मुलीला.

या आठवड्यात यंत्र आणि जीपीएसची अँटेना उतरवून घरी आणणार आहे, केबलची उघडी टोके ग्रीस लावून बंद करणार आहे, आणि नारळी पौर्णिमेनंतर डोलकाठी खाली घेऊन आतली ती जुनी केबलही बदलायची आहे.