सीफियसची तपासणी: काम चोख, पण आरडाओरड झाली की हतबल

परदेशी खरेदीदार अमेरिकी कंपनी विकत घेत असेल आणि राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न निघू शकत असेल, तर प्रकरण अमेरिकी सरकारच्या सीफियस या समितीपुढे जातं. अध्यक्षपद अर्थमंत्र्यांकडे. समितीला सौद्याचं छोटं निवेदन दिलं तर फी नाही, ३० दिवसांत उत्तर. पूर्ण नोटिशीला ४५ दिवसांची छाननी, लागलाच तर आणखी ४५ दिवस तपास, प्रकरण वर गेलं तर राष्ट्राध्यक्षांना १५ दिवस. ७५ कोटी डॉलर आणि त्यापुढच्या सौद्याला ३ लाख डॉलर फी. मुदत पुरत नसेल तर नोटीस मागे घेऊन पुन्हा भरतात, दिवस नव्याने मोजले जातात.

छाननीला पाचपैकी चार गुण. लोकांना खुलासा देण्यात मात्र एकच. कंपनीची माहिती कायद्याने गोपनीय, त्यामुळे बाहेर वादळ उठलं तरी समितीला बोलता येत नाही. ती जागा भाषणं आणि मथळे भरून काढतात.

२००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने ब्रिटनची बंदरं चालवणारी पी अँड ओ कंपनी सुमारे ६८० कोटी डॉलरला घेतली. अमेरिकेतली न्यू जर्सी, बाल्टिमोर, मायामी अशा ठिकाणची टर्मिनल्स त्यात होती. समितीने मंजुरी दिली होती, पण टीव्हीवर चर्चा झाली ती देशाची बंदरंच विकल्याची. हात बदलत होते ते धक्क्यावर कंटेनर चढवण्या-उतरवण्याच्या कामाचे. तपासणी कस्टम्सची, पहारा तटरक्षक दलाचा, गोदी कामगार अमेरिकी. आधीचा मालकसुद्धा परदेशीच. तरी प्रतिनिधीगृहाच्या एका समितीत ६२ विरुद्ध २ मतांनी सौदा अडवण्याची तरतूद मंजूर झाली आणि दुसऱ्या दिवशी कंपनीने माघार घेतली. वाईट याचं वाटतं, की किती कंटेनर प्रत्यक्ष उघडून पाहिले जातात, हा खरा सुरक्षेचा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला.

निप्पॉन स्टील आणि यूएस स्टीलचा १,४९० कोटी डॉलरचा सौदा निवडणुकीत सापडला. समितीत एकमत झालं नाही. जानेवारी २०२५ मध्ये बायडन यांनी तो धोका ठरवून रोखला, जूनमध्ये ट्रम्प यांनी अटी घालून मान्य केला. खरेदीदार तोच, जपानी.

म्हणून नोटीस भरण्याआधीच एक पानाचा खुलासा तयार ठेवावा: जागा कोणाची, तपासणी कोण करतं, डेटा कुठे राहतो, नोकऱ्यांचं काय. तो कामगार संघटना आणि तिथल्या लोकप्रतिनिधींच्या हातात पहिल्या बातमीच्या आधी पडला पाहिजे.