एनआयपीटी की गर्भजल तपासणी?

गरोदरपणातल्या डबल मार्कर या रक्तचाचणीत आणि सोनोग्राफीत बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची जोखीम जास्त आली, की मन आधी एनआयपीटीकडे, म्हणजे आईच्या रक्तातल्या डीएनएवरून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणाऱ्या चाचणीकडे धावतं. आमचंही धावलं. आईच्या दंडातून रक्त घ्यायचं, गर्भाला हातही लागत नाही. २१व्या गुणसूत्राच्या ट्रायसोमीबाबत (दोनऐवजी तीन प्रती, म्हणजेच डाउन सिंड्रोम) ही चाचणी फार भरवशाची आहे. १८ आणि १३च्या बाबतीत जरा कमी.

आम्ही अडलो ते भलत्याच ठिकाणी. आईच्या रक्तात वारेतून आलेला डीएनए साधारण ४ टक्के तरी लागतो. पत्नीच्या नमुन्यात तो कमी भरला. दहा दिवसांनी कागद आला: 'निकाल देता येत नाही.' पुन्हा रक्त दिलं, पुन्हा दहा दिवस, पुन्हा तेच वाक्य. त्या दिवसांत आम्ही घरात बाळाचं नावही काढत नव्हतो. त्यात समुपदेशकांनी सांगितलं, की डीएनए कमी असणं हीच कधी कधी १८ किंवा १३च्या ट्रायसोमीची खूण असते. मग झोप उडाली.

शेवटी सतराव्या आठवड्यात गर्भजल तपासणी केलीच. यात पोटातून सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासतात. सुईची भीती मोठी होती. गर्भपाताचा धोका अनुभवी हातात अर्ध्या टक्क्याहून कमी असतो. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे मान्य. पण काम काही मिनिटांत झालं. तिसऱ्या दिवशी १३, १८ आणि २१चं उत्तर हातात आलं, दोन आठवड्यांनी पूर्ण कॅरिओटाइप, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांचं चित्र: ४६ गुणसूत्रं, सगळी जागच्या जागी. त्यात गुणसूत्रांची संख्याच नव्हे, एकाचा तुकडा दुसऱ्याला चिकटलाय का, हेही दिसतं. एनआयपीटीत जोखीम जास्त आली तरी खात्रीसाठी इथेच यावं लागतं.

वारेचा तुकडा घेऊन होणारी तपासणी अकराव्या आठवड्यापासून होते. पण वारेतल्या आणि बाळाच्या पेशी क्वचित जुळत नाहीत, म्हणून ती आम्ही सोडली.

शंका फक्त वयामुळे असेल आणि सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर आधी एनआयपीटी करणं मला तरी रास्त वाटतं. बहुतेकांना निकाल पहिल्याच नमुन्यात मिळतो. मात्र बाळाच्या मानेमागची जाडी वाढलेली असेल, सोनोग्राफीत दोष दिसला असेल किंवा आईवडिलांपैकी कुणी स्थानांतरणाचं (एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटण्याचं) वाहक असेल, तर मधल्या पायरीवर आठवडे घालवू नयेत. पुढच्या खेपेला जोखीम जास्त आलीच, तर पंधरावा आठवडा उलटला की सरळ गर्भजल तपासणीला जायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.