वर्षाचे धान्य भरताना झालेली फसवणूक

ठाण्यात वर्तकनगरच्या ज्या सोसायटीत मी गेली 21 वर्षे राहते, तेथे एप्रिल उजाडला की वर्षाचे धान्य भरण्याची बोलणी सुरू होतात. गेल्या वर्षी याच निमित्ताने आमच्या इमारतीतील 19 कुटुंबे एका फिरत्या धान्यविक्रेत्याकडून फसली आणि त्यांत माझे कुटुंबही होते. आमची 1,520 रुपयांची बचत होणार होती. प्रत्यक्षात आम्ही सुमारे 6,075 रुपये गमावले. रक्कम फार मोठी नाही, हे मला मान्य आहे. तरीही हा अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण यातील बरीचशी फसवणूक आमच्या डोळ्यांदेखत, छापील अक्षरांत झाली आणि कोणालाही ती दिसली नाही.

मी बँकेत नोकरी केली आहे आणि निवृत्तीनंतरही घरखर्चाची वही रोज लिहिते. आम्हा पाच जणांना वर्षाला साधारण 120 किलो गहू आणि 90 किलो तांदूळ लागतो. दर महिन्याला पाच-दहा किलो आणण्यापेक्षा नव्या मालाच्या दिवसांत एकदम घेतलेले धान्य स्वस्त पडते, ते उन्हात वाळवून आणि तांदळाला एरंडेल चोळून ठेवले की टिकते, असा माझ्या सासूबाईंपासूनचा अनुभव आहे. तेव्हा घाऊक खरेदीची कल्पना चुकीची नव्हती आणि आजही मी तिला चुकीची म्हणणार नाही.

तो गृहस्थ चैत्रात आला. वय चाळिशीचे, बोलणे अत्यंत आर्जवी. वाशीच्या बाजारात आपला गाळा आहे, असे त्याने सांगितले. वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य अशी पाच मोठी मार्केटे आहेत आणि त्यांतल्या धान्याच्या मार्केटला लोक आजही मुंबईतल्या जुन्या जागेच्या नावाने दाणाबंदर म्हणतात. या माणसाच्या तोंडी तो शब्द इतक्या सहज येत होता, की गाळ्याचा क्रमांक विचारावा असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. त्याने वाटलेल्या पत्रकावर ‘मधला दलाल नाही, थेट दाणाबंदरातून’ असे लिहिले होते आणि खाली भाव दिले होते: लोकवन गहू कट्टा 1,150 रुपये, वाडा कोलम कट्टा 2,180 रुपये, शेंगदाणा तेल डबा 2,640 रुपये. प्रत्येक घरी त्याने तांदळाचा पावशेराचा नमुनाही दिला. तो मी त्याच रात्री शिजवला. भात मऊ, मोकळा आणि किंचित गोडसर झाला. वाडा तालुका 2014 साली पालघर जिल्ह्यात गेला, पण ठाणेकरांना वाडा कोलम अजून आपल्याच घरचा वाटतो, आणि 2021 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याची मागणीही वाढली आहे. अस्सल माल दारात येत असेल तर तो सोडवेना.

माझी चूक कोठे झाली, ते येथेच सांगते. मी वही उघडली आणि आमच्या नेहमीच्या वाण्याचे भाव शेजारी मांडले. त्याच्याकडे गहू 42 रुपये किलो होता, म्हणजे तीस किलोचे 1,260 रुपये. तांदूळ 80 रुपये किलो होता, म्हणजे 2,400 रुपये. तेलाचा पंधरा किलोचा डबा 2,850 रुपयांना होता. चार कट्टे गहू, तीन कट्टे तांदूळ आणि दोन डबे तेल घेतल्यास अनुक्रमे 440, 660 आणि 420 रुपये वाचत होते. हिशेबातील बेरीज आणि गुणाकार अगदी बरोबर होते. मात्र कट्टा तीस किलोचा आणि डबा पंधरा किलोचा हे आकडे पत्रकावर नव्हतेच. ते माझ्या डोक्यात होते आणि इतक्या वर्षांच्या सवयीमुळे मी ते वाचल्यासारखे गृहीत धरले. बाकीच्या अठरा घरांतही नेमके हेच झाले.

माल एप्रिलच्या मध्यावर, भर दुपारी दोन वाजता आला. टेम्पो फाटकापाशी फार वेळ उभा करता येत नाही, असे सांगून हमालांनी अर्ध्या तासात सर्व कट्टे घरोघरी टाकले. पैसे मोबाईलवरून द्यायचे होते. त्याने दाखवलेल्या क्यूआर कोडवर पत्रकावरील दुकानाचे नाव न येता एका निराळ्याच व्यक्तीचे नाव आले, तेव्हा मी विचारले. ‘भाच्याचं खातं आहे काकू, व्यवहार सगळा तोच बघतो,’ असे उत्तर मिळाले. पक्के बिल मागितल्यावर ‘बिल हवं असेल तर पाच टक्के वाढतील’ असे तो म्हणाला आणि पाच टक्के वाचवण्यासाठी आम्ही सर्वांनी बिलाचा हट्ट सोडला. हाती राहिली ती एक चिठ्ठी: ‘गहू 4 कट्टे, तांदूळ 3 कट्टे, तेल 2 डबे.’ त्याच वेळी त्याने तूरडाळ आणि मसाल्याची मिरची अक्षय्य तृतीयेच्या आत आणून देण्याचे कबूल केले आणि त्यासाठी निम्मी रक्कम आगाऊ मागितली. उन्हाळ्यात मसाल्याची मिरची वेळेवर मिळाली नाही तर कांडपाची सगळी कामे लांबतात, म्हणून मी 3,500 रुपये दिले. सोळा हजार चारशे वीस आणि साडेतीन हजार मिळून 19,920 रुपये त्या दुपारी आमच्या खात्यातून गेले.

चार दिवस गच्चीवर ऊन दिल्यानंतर मी दोन कट्टे गहू पत्र्याच्या कोठीत ओतला. या कोठीत दरवर्षी साठ किलो गहू भरतो आणि तो आतल्या बाजूच्या सांध्याच्या रेघेपर्यंत येतो. या वेळी तो रेघेच्या चांगला चार-पाच बोटे खाली राहिला. गहू वाळल्यामुळे बसला असेल, अशी मी आधी स्वतःची समजूत घातली. पण वाळल्याने एवढा फरक पडत नाही. माझ्या यजमानांनी तिसरा, न उघडलेला कट्टा उचलून घेतला आणि ते घरातल्या वजनकाट्यावर उभे राहिले. मग कट्टा खाली ठेवून पुन्हा उभे राहिले. फरक बारदानासकट 26 किलो आणि वर थोडासा निघाला. त्यानंतर कट्टा उलटा करून पाहिला, तेव्हा खालच्या शिवणीजवळ बोटभर उंचीच्या अक्षरांत ‘26 किलो’ असे छापलेले स्पष्ट दिसले.

मी लगेच दूरध्वनी केला. त्याचा आवाज जराही बदलला नाही.

‘काकू, मी तीस किलो कधी म्हणालो? कट्टा म्हणालो, कट्टा दिला. वजन पोत्यावर लिहिलेलंच आहे की.’

‘अहो, कट्टा तीस किलोचाच असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.’

‘आता सव्वीसचेच येतात, टॅक्समुळे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. डाळी आणीन तेव्हा किलो-दोन किलो जास्त घालतो.’

या उत्तरातील करासंबंधीचा भाग खरा आहे आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या बंद, छापील पिशवीतील धान्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याहून जड पोते या करातून सुटते. त्यामुळे अनेक गिरण्यांनी 26 किलोचे पोते भरायला सुरुवात केली आणि त्यात बेकायदा काही नाही. दुकानदार पोत्यावरचा आकडा दाखवून किलोचा भाव सांगतो, तोपर्यंत गिऱ्हाईकाचे नुकसानही होत नाही. आमच्या विक्रेत्याने मात्र वजनाचा आकडा पत्रकावरून आणि चिठ्ठीवरून गाळला. शिवाय ज्या पोत्यावर कर लागतच नव्हता, त्याच्या बिलासाठी पाच टक्क्यांची भीती घालून त्याने बिलही टाळले. हे माझ्या लक्षात आले तेव्हा मला त्याच्याइतकाच स्वतःचाही राग आला.

सव्वीस किलोने भागले तर गहू 44 रुपये 23 पैसे किलो पडला होता, म्हणजे वाण्यापेक्षा सव्वादोन रुपये महाग. मग मी तेलाचे डबे पाहिले. त्यांवर ‘15 लीटर’ असे होते आणि खाली बारीक अक्षरांत 13.65 किलो. तेल पाण्यापेक्षा हलके असते आणि एका लीटरचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते, हे शाळेत शिकूनही पंधरा लीटर आणि पंधरा किलो यांतील फरक माझ्या कधी मनात आला नव्हता. पंधरा किलो तेल म्हणजे जवळजवळ साडेसोळा लीटर होते. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर पत्र्याच्या आकारावरून चटकन काही कळत नाही. लेबल खोटे नव्हते, तेलही वाईट नव्हते. एका डब्यामागे दीड लीटरच्या आसपास तेल कमी होते, एवढेच. बाजारात आजही दोन्ही मापांचे डबे मिळतात, म्हणून दोन दुकानांतील भावांची तुलना करताना हे आवर्जून पाहावे.

गव्हाबद्दल वजनाखेरीज माझी काही तक्रार नाही. पोळ्या चांगल्या होतात. तांदळाच्या बाबतीत मात्र सरळसरळ बदली माल मिळाला होता. नमुन्याचा दाणा बारीक आणि आखूड होता. कट्ट्यातील दाणा त्याहून लांब, गुळगुळीत आणि बराच तुटलेला होता. भात गिच्च झाला. पोत्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोलम’ एवढेच होते, ‘वाडा’ हा शब्द कोठेही नव्हता. सुरती, लचकारी असे अनेक तांदूळ कोलम म्हणूनच विकले जातात, त्यामुळे नुसत्या या शब्दाला काही अर्थ राहत नाही. शेवटी मूठभर तांदूळ पुडीत बांधून मी आमच्याच वाण्याकडे गेले. ज्याच्याकडून घ्यायचे टाळले, त्यालाच परीक्षा करायला सांगताना मला फार संकोच वाटला. त्याने चार दाणे चावले आणि 55 रुपये किलोचा माल आहे, असे सांगितले. एवढ्यावर तो थांबला, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

डाळींसोबत भरपाई करण्याचे जे आश्वासन विक्रेत्याने दिले होते, त्याचा खरा उपयोग मला उशिरा कळला. त्या आशेने आम्ही कोणीही तक्रार केली नाही. भांडण काढले तर आगाऊ रक्कम अडकेल, असे तळमजल्यावरच्या वहिनींचे म्हणणे पडले आणि ते सर्वांना पटले. अक्षय्य तृतीया झाली. आठ दिवस फोन वाजत राहिला, नंतर तो बंद झाला. डाळ किंवा मिरची एकाही घरी आली नाही.

मग मी 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेथे पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात, कारण पैसे समोरच्या खात्यातून पुढे जाण्याआधी रोखता आले तरच परत मिळण्याची शक्यता राहते. मी तीन आठवडे वाट पाहिली होती. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीला 1915 वर फोन केला, तेव्हा विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि बिल हे पहिले प्रश्न आले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत असते आणि 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. पण नोटीस पाठवायची कोणाला, हा प्रश्न शिल्लक राहिला. पत्रकावर पत्ता नव्हता. पहारेकऱ्याच्या वहीत टेम्पोचा क्रमांक सापडला. तो टेम्पो एका दिवसापुरता नाक्यावरून भाड्याने आणलेला निघाला.

वहीतला हिशेब असा आहे. जे वजन मिळाले त्याचे वाण्याच्या भावाने 15,795 रुपये झाले असते आणि आम्ही 16,420 दिले, म्हणून 625 रुपये तेथे गेले. तांदळाचे तीन कट्टेही सव्वीस किलोचेच होते; तो हलका निघाल्यामुळे त्या 78 किलोंवर 1,950 रुपये गेले. उरलेले 3,500 आगाऊ दिलेले.

आता आमच्याकडे हाताने धरून वजन करायचा हुकाचा छोटा काटा आहे. दारात कोणी कट्टा टाकला की तो आधी काट्याला लागतो आणि दहापैकी एक कट्टा तेथेच उघडून नमुन्याशी ताडला जातो, मग पैसे. चिठ्ठीवर किलो आणि किलोचा भाव लिहून घेतल्याशिवाय सोसायटीच्या आत टेम्पो सोडायचा नाही, असे सचिवांनी पहारेकऱ्याला सांगितले आहे. बंद पिशवीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि भरणाऱ्याचा पूर्ण पत्ता आहे का, हेही मी पाहते. निदान तक्रारीत लिहायला काही तरी हाती राहते.

या जानेवारीत ऐरोलीहून माझ्या नणंदेने एका पत्रकाचे छायाचित्र पाठवले. दुकानाचे नाव आणि फोन निराळा होता. मजकूर ‘थेट दाणाबंदरातून’ असाच होता आणि भाव कट्ट्याचे व डब्याचे होते. मी तिला फोन करून वजन विचारायला सांगितले. ‘ताई, माल बघून घ्या ना, वजनाचं काय घेऊन बसलात,’ एवढे बोलून पलीकडच्या माणसाने फोन ठेवला. आवाज तोच होता की नाही, हे मला सांगता येणार नाही, कारण तो मी ऐकला नाही. आमचा तांदळाचा तिसरा कट्टा अजून संपलेला नाही. तो इडलीसाठी भिजवते.