घरचं विरजण की प्रोबायोटिकचा कप?

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर ९८ आली आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १६१. डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही तुम्हाला, जरा चालत जा." पण उंबरठ्यावरचा आकडा झालेल्या दुखण्यापेक्षा जास्त छळतो. साखर १०० च्या पुढे गेली की प्रीडायबेटीस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, मोजतात, हे हल्ली लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेला माणूसही सांगतो. त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने प्रोबायोटिक दह्याचं नाव घेतलं आणि मी कामाला लागलो. साधारण चार महिने विकतचं प्रोबायोटिक दही खाल्लं, नंतरचे चार महिने घरी विरजलेलं. धडधाकट असूनही माझ्यासारखेच आकड्यांना घाबरून दही बदलायच्या विचारात असाल, तर हे तुमच्यासाठी.

प्रथिनं, कॅल्शियम वगैरे सोडून देतो. त्यात दोघांत फार डावंउजवं नाही, आणि दही चांगलं असतं हे सांगायला माझी गरज नाही.

आधी कपाची बाजू मांडतो, कारण ती कच्ची नाही. दही जिवंत आहे एवढ्याने ते प्रोबायोटिक होत नाही. पुरेशा संख्येने पोटात गेल्यावर तब्येतीला उपकारक ठरतात असे जिवंत सूक्ष्मजीव, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमात रोजच्या मात्रेत निदान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. शिवाय नुसती जात सांगून भागत नाही, वाणही सांगावा लागतो. बाजारात आंबा मागून चालत नाही, हापूस की पायरी ते बोलावं लागतं, तसंच. एका वाणाने जे केलं ते त्याचा सख्खा भाऊ करेलच असं नाही. चांगल्या कपावर हे सगळं छापलेलं असतं: नाव, वाण, संख्या, तारीख.

घरच्या दह्याला नावगाव नसतं. त्यातल्या जिवाणूंत लॅक्टोकोकस असतील, लॅक्टोबॅसिलस असतील, ल्युकोनोस्टॉक असतील. कोण किती, हे विरजण कुणाच्या घरून आलं, रात्री उकाडा किती होता आणि चमचा कुणाचा होता यावर ठरतं. ग्रॅममागे कोट्यवधी असतात, पण जठरातलं आम्ल आणि पुढचं पित्त झेलून त्यातले आतड्यापर्यंत किती जिवंत पोचतात, हे तुमच्या-माझ्या पातेल्यातल्या दह्याचं कुणी तपासलेलं नाही. इथे कप सरळ जिंकतो.

आता मुद्द्याचं. धडधाकट माणसाची साखर, चरबी, वजन यांवर त्या नावगाववाल्या जिवाणूंचा किती परिणाम होतो? मी जेवढं वाचलं त्यावरून माझं मत असं झालं, की साध्या दह्यापेक्षा फार नाही. इराणमधला एक अभ्यास २०१० साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये आला. ९० निरोगी स्त्रिया, सहा आठवडे. काहींना रोज ३०० ग्रॅम प्रोबायोटिक योगर्ट, काहींना तेवढंच साधं, काहींना दोन्ही नाही. काहीच न खाणाऱ्यांशी तुलना केली तर दोन्ही योगर्टवाल्यांचं कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. पण प्रोबायोटिक आणि साधं यांना एकमेकांशेजारी ठेवल्यावर म्हणण्यासारखा फरक उरला नाही. माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला हवा होता तो नेमका हाच सामना, आणि तो बरोबरीत सुटला.

जाहिरातवाले ज्या अभ्यासाकडे बोट दाखवतात तो वेगळा. २०१२ चा, तोही इराणमधलाच. त्यात प्रोबायोटिक योगर्टने उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, साध्या योगर्टपेक्षा खरोखर खाली आली. पण ती माणसं टाइप टू मधुमेहाची होती. ज्यांची साखर चढलेली आहे, त्यांची उतरायला जागा असते. ज्याची मुळात ९० आहे, त्याची उतरून जाणार कुठे? ऑस्ट्रेलियात ५५ च्या पुढच्या, वजन जास्त असलेल्या लोकांना त्याच जातींचे जिवाणू दिले, तेव्हा साखरेचे आकडे सुधारले नाहीत. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, योगर्ट आणि टाइप टू मधुमेहाचा धोका यांबद्दल जपून एक वाक्य पाकिटावर छापू दिलं: आठवड्याला निदान दोन कप योगर्ट खाल्ल्यास धोका कमी होऊ शकतो, पुरावा मर्यादित आहे. ते वाक्य सरसकट योगर्टबद्दल आहे, प्रोबायोटिकला त्यात वेगळा पाट मांडलेला नाही.

मेचनिकॉफचंही नाव या विषयात हमखास निघतं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या या माणसाने आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढतं ही कल्पना युरोपभर नेली, आणि १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. दोन्ही खरं. पण नोबेल रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी होतं, दह्यासाठी नव्हे. ही दोन वाक्यं कुणी चिकटवून सांगितली की मी पाकिटाची मागची बाजू वाचायला घेतो.

मागच्या बाजूनेच माझा निकाल लावला. सुरुवातीचे दोन महिने छान गेले. साधा, बिनसाखरेचा प्रोबायोटिक कप, दुपारच्या डब्याबरोबर. मग तो मिळेनासा झाला. स्टेशनजवळच्या दुकानात विचारलं की फ्रीज न उघडताच उत्तर, "साधं नाहीये, मँगो आहे." दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या एका ॲपवर साधं मागवलं, तर पिशवीतून स्ट्रॉबेरी निघाली आणि वर 'तुमच्या पसंतीशी मिळतीजुळती वस्तू' असा निरोप. परत कोण करतो? पैसे गेलेत म्हणून खाल्लं. मँगोच्या कपावर १०० ग्रॅममागे ११ ग्रॅम वरून घातलेली साखर होती, म्हणजे दोन-अडीच चमचे. चहात साखर बंद केलेला माणूस मी, आणि दुपारी 'आरोग्यासाठी' आंब्याच्या वासाची साखर चाटत बसलो होतो. छोट्या बाटल्यांतलं आंबवलेलं दूध मिळतं तेही बहुतेक गोडच. त्यातले जिवाणू खरे, संख्याही खरी, पण मला जे सांभाळायचं होतं त्याच्याच विरुद्ध बाजूला ते गोड कप वजन टाकत होते. हे एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. आठवड्यातून तीनदा व्हायला लागलं. एकदा दारात आलेला कप कोमट आणि झाकण फुगलेलं होतं, तो तर बेसिनमध्ये ओतला.

तुमच्या भागात साधा कप रोज मिळत असेल तर माझी ही तक्रार तुम्हाला लागू नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दक्षिण मुंबईतल्या मोठ्या दुकानांत मिळतोही. आमच्या मुलुंडला नशिबावर आहे.

घरच्या दह्याच्या कटकटी मी लपवणार नाही. पहिली आंबटपणाची. सकाळी विरजण लावून दोघंही कामावर गेलो तर मे महिन्यात संध्याकाळपर्यंत जे तयार होतं त्याला दही म्हणवत नाही. आंबट झालं की हात साखरेच्या डब्याकडे जातो, आणि मग मँगोचा कप काय वाईट होता? यावर तोडगा असा निघाला, की रात्री अकराला लावायचं आणि पहाटे साडेपाचला फ्रीजमध्ये ठेवायचं. आमच्याकडे पाणी तेव्हाच येतं, त्यामुळे उठावं लागतंच. उन्हाळ्यात एवढ्या वेळात कवडी पडते. जानेवारीत तेवढ्यात अदमुरंच राहतं, म्हणून पातेलं कॅसरोलमध्ये ठेवतो आणि विरजण अर्धा चमचा जास्त.

दुसरी कटकट, गावाला गेलो की विरजण मरतं. गणपतीहून परतल्यावर शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन गेलो, तर दिवे लागले होते. "आता नाही हो देत दही, सकाळी या," म्हणाल्या. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून बर्फाच्या ट्रेमध्ये दोन खणांत दही गोठवून ठेवतो, पहिल्या दिवशी जरा आळशी लागतं पण लागतं. तिसरी, पावसाळ्यात कधीमधी दह्याला तार सुटते. ते विरजण टाकायचं आणि नवं आणायचं.

हुशारी म्हणून प्रोबायोटिक कपाचंच विरजण लावून पाहिलं. एका कपात वर्षभराचा प्रोबायोटिक, असा हिशेब होता. पहिलं पातेलं सुरेख लागलं. पण कपातल्या बिफिडोबॅक्टेरियमसारख्या जिवाणूंना हवा सोसत नाही आणि नुसत्या दुधात ते नीट वाढतही नाहीत. तीन-चार विरजणांनंतर त्या पातेल्यात कोण उरलंय हे सांगता येणार नाही. दही चांगलं, पण त्याला कपावरचं नाव देऊ नका.

दुधाबद्दल एकच. तबेल्याच्या म्हशीच्या दुधाचं दही चमचा उभा राहील असं लागतं, पण त्यात साडेसहा-सात टक्के स्निग्धांश असतो. मी टोन्ड दूध वापरतो, ३ टक्क्यांचं. थोडं पाणी सुटतं. ते पाणी फेकायचं नाही, ढवळून टाकायचं. आणि कढी केलीत तर कढी म्हणून खा. उकळी आली की जिवाणूंचा विषय संपतो, मग ते कपातले असोत की पातेल्यातले.

माझे आकडे सांगतो, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. कपाच्या चार महिन्यांनंतर साखर ९६, ट्रायग्लिसराइड १५५. घरच्या दह्यानंतर ९४ आणि १४३. आदल्या रात्री उशिरा जेवलं तरी एवढा फरक पडतो, आणि मधल्या काळात मी रोज स्टेशनपर्यंत चालतही होतो. माझा अंदाज असा, की काम दह्याने केलं असेल तर ते चारच्या भुकेला केलं. पूर्वी तेव्हा कॅन्टीनमधून वडा किंवा क्रीमची बिस्किटं यायची. आता डब्यातलं ताक असतं, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घातलेलं. कपाने ती जागा घेतली नाही, कारण ऐंशी-शंभर ग्रॅममध्ये भूक मोडत नाही. पातेलंभर दही असलं की वाटी मोठी होते.

म्हणून कप वाईट, असं नाही. एकटे राहत असाल, फिरतीची नोकरी असेल, दूध तापवायचाच कंटाळा असेल, तर साधा कप शोधा आणि मिळेल त्या दिवशी चार उचला. अँटिबायोटिकनंतर पोट बिघडलं म्हणून डॉक्टरांनी ठरावीक वाण लिहून दिला असेल तर तोच घ्या, तिथे काकूंचं विरजण पुढे करू नका. मधुमेह असेल तर तुमचा हिशेब माझ्यापेक्षा वेगळा, तो डॉक्टरांशीच करा. दूध पचत नाही पण दही पचतं अशांना दोन्ही चालावं, आंबवताना लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी होतं आणि उरलेलं पचवायला ते जिवाणू मदत करतात. कप घ्यायचाच तर पुढचं 'प्रोबायोटिक' वाचण्याआधी मागची 'वरून घातलेली साखर' वाचा.

बाकी, मुलुंडच्या आसपास कुणाला विरजण हवं असेल तर आमच्याकडे सध्या चांगलं आहे, तार नाही, फार आंबटही नाही. वाटी घेऊन या. आमच्याकडेही आता दिवेलागणीनंतर देत नाहीत, बायकोने काकूंचं ऐकलंय.